कॉर्कमधलं मंगल कार्यालय

लग्नासाठी आम्ही पहिली जागा पाहिली ती डब्लिनजवळच्या किल्डेअरमधलं एक जुनं हॉटेल. २०२० चा फेब्रुवारी संपत आला होता. आई नागपूरहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. दोन महिने राहायचं, होणाऱ्या जावयाला आणि त्याच्या माणसांना भेटायचं, जागा पक्की करायची आणि परत जायचं, असा तिचा बेत होता. मग सप्टेंबरात लग्नाला ती ताईला, मामा-मामींना आणि उरलेल्या सगळ्यांना घेऊन पुन्हा येणार होती.

मी शिकायला कॉर्कला आले होते आणि तिथेच तो मला भेटला. तो तिथलाच, शहरापासून तासाभरावरच्या एका गावात दुधाच्या गाई पाळणाऱ्या घरातला. पुढे त्याला लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात टेक्निशियनची नोकरी लागली, मला डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरची, आणि आम्ही ॲडम्सटाउनला स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. आईला हे सगळं फोनवरून माहीत होतं. तिने फार प्रश्न विचारले नव्हते. गाई किती आहेत, एवढं मात्र विचारलं होतं.

हॉटेलात लग्नांचं बघणारी एक हसरी बाई होती. तिने आम्हाला झुंबरांचा हॉल दाखवला, नवरीची खोली दाखवली, फोटो काढायला तळ्याकाठचा पूल दाखवला. मला सगळंच आवडत होतं. एकशे ऐंशी माणसं, गोल टेबलं, संध्याकाळी बँड, हे चित्र मी मनात कधीचं रंगवून ठेवलं होतं. आई आपली पर्स छातीशी धरून मागून चालत होती. ती जिल्ह्यातल्या शाळांमधून तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. शेवटी तिने तिच्या सावकाश, नीट जुळवलेल्या इंग्रजीत तीन गोष्टी विचारल्या: पूर्व कुठे आहे, स्वयंपाक कुठे होतो, आणि होमाचा अग्नी कुठे पेटवायचा. पहिल्या दोन प्रश्नांना त्या बाईने हसून उत्तरं दिली. तिसऱ्याला तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

गाडीत बसल्यावर मी आईला विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, छान आहे, पण आपण तिथे पाहुणे वाटू. मला राग आला. तरी सप्टेंबरची तारीख आम्ही पक्की केली. पंधरा दिवसांत सगळा देश बंद झाला, हॉटेलही बंद झालं, आणि आईचं परतीचं विमान रद्द झालं.

ते दिवस मला वाईट आठवत नाहीत, हे सांगायला थोडा संकोच वाटतो. तो कारखान्यात जात राहिला. ते काम बंद होत नव्हतं. मी बेडरूममध्ये टेबल मांडून काम करायचे आणि बाहेरच्या खोलीत आईचं राज्य होतं. घरापासून दोन किलोमीटरपर्यंतच फिरायची परवानगी होती. आईने पावलं मोजून तेवढी हद्द कुठे संपते ते काढलं होतं आणि रोज सकाळी ती बरोबर तिथपर्यंत जाऊन वळून यायची. व्हिसाची मुदत सरकारने आपोआप वाढवली तेव्हा तिने नागपूरच्या शेजारणीला फोन करून सांगितलं की मला इथे ठेवून घेतलंय.

दर रविवारी दुपारी त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यांचं कॉर्कचं इंग्रजी भरभर आणि गाण्यासारखं वरखाली जाणारं. ते मलाही पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. आईला त्यातलं निम्मंही कळत नसे. पण त्या दोघी तासतासभर बोलायच्या. एक गोठ्यात नेऊन नवीन वासरू दाखवायची, दुसरी कढईतलं पिठलं. आई त्यांना विहीणबाई म्हणायची. त्या म्हणत ‘विनीबाई’, आणि त्यांना वाटत होतं की हे आईचंच नाव आहे. ते दुरुस्त करावं असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. उलट, आई कधी त्यांच्यासारखं छान गोष्टीला ‘ग्रँड’ म्हणायला लागली ते आमच्या लक्षातही आलं नाही.

जूनच्या शेवटी हॉटेलातून फोन आला की लग्न होईल, पण पन्नास माणसांत. ऑगस्टात त्या बाईने पुन्हा फोन केला आणि सुचवलं की पुढच्या वर्षीची तारीख घ्या. तिचा आवाज थकलेला होता. दिवसभर ती हेच बोलत असणार. मी तारीख सोडून दिली. त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं की आपण डब्लिनच्या नोंदणी कार्यालयात सही करून मोकळे होऊ, सहा माणसं पुरेत. तो म्हणाला, चालेल. आई भाजी निवडत होती. ती निवडतच राहिली. पण दोन दिवसांनी, तो कामावरून आल्यावर चहा देताना तिने त्याला सरळच विचारलं की तुमच्या घरी गवताच्या गंजी ठेवायची जी मोठी शेड आहे, ती किती फूट लांब आहे.

शेड तिने व्हिडिओ कॉलवर पाहिली होती. लांबी तिला माहीत नव्हती.

प्रवासाला मोकळीक होती तेवढ्यात, पुढच्याच शनिवारी आम्ही कॉर्कला गेलो. दोघी विहिणी पहिल्यांदा समोरासमोर भेटल्या त्या फाटकाच्या दोन बाजूंना, मास्क लावून, हात पुढे करायचे की नाही हे न कळून. मग आईने दोन्ही हात जोडले आणि त्यांनीही जोडले. त्या आईपेक्षा वीतभर उंच, खांद्याने रुंद, पायात चिखलाचे बूट. नवरा गेल्यापासून गोठा त्या आणि थोरला मुलगा सांभाळत होते. त्यांनी आम्हाला शेड दाखवली. तीन बाजूंनी उघडी, वर पत्रा, खाली सिमेंट, आणि पलीकडे उतारावर हिरवं कुरण. आई मधोमध उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “काहून हॉटेल पाहून राहिली होती तू?”

मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर झुंबरांचा हॉल माझ्या मनातून त्याच क्षणी गेला.

सोमवारी मी नोंदणी कार्यालयात फोन केला. फोनवरचा माणूस सभ्य होता आणि ठाम होता. सरकारी नोंदणीचं लग्न कुणाच्या राहत्या घरी, अंगणात किंवा शेतात लावता येत नाही. जागा सगळ्यांना खुली असली पाहिजे, आत येणाऱ्याला कुणी अडवता कामा नये. शिवाय तीन महिने आधी सूचना द्यायची, जागा आधी मंजूर करून घ्यायची, आणि त्यांची माणसं फक्त सोमवार ते शुक्रवार येतात. हे सगळं मी आईला मराठीत सांगितलं तेव्हा तिला यातलं काहीच वावगं वाटलं नाही. लग्नाला दार उघडंच पाहिजे, ती म्हणाली, बंद दाराआड कुणी लग्न करतं का?

मग आम्ही त्याच्या गावाच्या आसपास जागा शोधायला लागलो. दर दुसऱ्या शनिवारी आम्ही गाडीने जायचो आणि विहीणबाई पुढच्या सीटवर बसून वाट दाखवायच्या. एका टेकाडावरचं किल्ल्याचं हॉटेल पाहिलं. आई साताऱ्याकडचे किल्ले चढलेली. तिने ते तीन मजली दगडी घर पाहिलं आणि तटबंदी कुठे आहे असं विचारलं. समुद्राकाठचं एक हॉटेल तर फार सुंदर होतं, पण वारा असा की मालकाने दार उघडल्यावर आईचा पदर थेट त्याच्या चेहऱ्यावर गेला. एका बागेत तंबू टाकायची सोय होती; तिथे पूर्वेला कचऱ्याचे डबे निघाले. एवढ्या जागा पाहून मला कंटाळा यायला हवा होता, पण येत नव्हता. दोघींची पुढे-मागे बसून चाललेली बोलणी ऐकायला मजा वाटायची.

गावचा हॉल विहीणबाईंनी शेवटपर्यंत सुचवलाच नव्हता. तो लग्नाच्या योग्यतेचा आहे असं त्यांना वाटत नव्हतं. एका शनिवारी समुद्राकडून परतताना जोराची सर आली आणि आईला बाथरूमला जायचं होतं, म्हणून त्यांनी गाडी तिथे थांबवायला लावली. हॉलची किल्ली समोरच्या घरातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे असायची. ते हॉलच्या कमिटीचे सचिव होते. ते हातातला चहाचा कप तसाच घेऊन आले आणि त्यांनी दार उघडलं.

आत फरशीच्या पॉलिशचा आणि थंड पडलेल्या चहाचा वास होता. भिंतीला लावून लाकडी खुर्च्या रचलेल्या. टोकाला लहानसं स्टेज, आणि त्यावर गावच्या नाटक मंडळींनी आदल्या वर्षी रंगवलेला पडदा अजून तसाच टांगलेला: निळा समुद्र आणि एक नारळाचं झाड. ते झाड रंगवणाऱ्याने नारळ पाहिलेला नसावा, कारण फळं आंब्यासारखी लटकत होती. आई बाथरूममधून बाहेर आली आणि हॉलभर चालली. स्वयंपाकघरात डोकावली. तिथे पन्नास कपांचा चहा एका वेळी करायचा मोठा बॉयलर होता. तिने मध्येच एकदा टाळी वाजवून आवाज किती घुमतो ते पाहिलं. मग खिडक्यांकडे पाहून तिने सचिवांना विचारलं की सकाळी ऊन इकडून येतं का. ते म्हणाले, आलं तर इकडूनच येतं.

आई म्हणाली, “हे मंगल कार्यालय आहे.”

मी त्याला अर्थ सांगितला, त्याने त्याच्या आईला सांगितला. त्या म्हणाल्या की इथे टेबल टेनिस खेळतात आणि रक्तदानाचं शिबिर होतं. आई म्हणाली, आमच्याकडेही तेच होतं. नोंदणी कार्यालयातल्या बाई येऊन जागा पाहून गेल्या, त्यांनी दारं मोजली, आणि महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं.

त्यानंतर हिवाळाभर पुन्हा सगळं बंद राहिलं. त्या काळात भारतात जाणारी विमानं अधूनमधून निघत होती. ताईने फोनवर आईला सांगितलं की ये परत, लग्न ऑनलाइन पाहू. आई म्हणाली, एवढी जागा शोधली ती काय ऑनलाइन पाहायला? ती राहिली. फ्लॅटच्या बाल्कनीत तिने मेथी लावली आणि मंगलाष्टकं लिहायला घेतली.

मुहूर्त चातुर्मास लागायच्या आत हवा होता. नागपूरच्या गुरुजींनी जुलैतला एक मंगळवार काढला, तिकडचे दुपारचे चार वाजून बारा मिनिटं, म्हणजे इथले सकाळचे अकरा बेचाळीस. तेव्हा पन्नास माणसांना परवानगी असेल असं दिसत होतं. पण एप्रिलपासून नागपूरहून रोज वाईट बातम्या यायला लागल्या. आई सकाळी फोन हातात घ्यायला घाबरायची. मामा पंधरा दिवस दवाखान्यात होते. ते बरे होऊन घरी आले, पण प्रवासाचा प्रश्नच उरला नाही. ताईलाही येता येणार नव्हतं.

तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं की मग कन्यादान कोण करणार. आईकडे उत्तर तयार होतं. ॲडम्सटाउनला आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं राहायचं, वयाने आमच्यापेक्षा थोडं मोठं. ते दोघं बसतील, तिने त्यांना विचारूनही ठेवलं होतं.

मला ताईचं लग्न आठवलं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. मी अकरावीत होते. सगळी तयारी आईने केली होती, रुखवतापासून आहेरापर्यंत. पण लग्नाच्या दिवशी ती फिक्या साडीत कार्यालयाच्या मागच्या दारापाशी उभी होती आणि कन्यादानाला मामा-मामी बसले होते. कुणी तिला मागे हो म्हटलं नव्हतं. ती आपणच झाली होती. अक्षता टाकायलाही ती पुढे आली नाही. मी तेव्हा काही बोलले नव्हते, कारण ते तसंच असतं असं मलाही वाटत होतं.

आता मी म्हटलं, “आई, तूच कर.”

ती म्हणाली की तसं नसतं. मी म्हटलं, इथे कोण बघतंय? ते चुकलंच माझं. ती म्हणाली, “कोणी बघत नाही म्हणून करायचं असेल तर नाही करणार मी.” आणि कुकरचं झाकण घासायला लागली.

त्या रविवारच्या कॉलवर विहीणबाईंना आईचा चेहरा उतरलेला दिसला. त्यांनी विचारलं. मला वाटलं आई विषय टाळेल, पण तिने सगळं सांगितलं, शब्द शोधत, मध्ये मला अर्थ विचारत. विहीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की त्यांचा नवरा गेला तेव्हा धाकटा, म्हणजे माझा होणारा नवरा, नऊ वर्षांचा होता. दोन मुलींची लग्नं त्यानंतर झाली. दोन्ही वेळा गावातल्या चर्चमध्ये मुलीचा हात धरून त्याच चालत गेल्या. पहिल्या वेळी दिरांनी विचारलं होतं, मी येऊ का बरोबर म्हणून.

“मी म्हटलं, तिला वाढवलं मी,” त्या म्हणाल्या. “मग घेऊन कोण जाणार?”

हे त्या फार हळू, एकेक शब्द सुटा करत बोलल्या, आईला कळावं म्हणून. आईने मला अर्थ विचारला नाही.

दोन दिवसांनी तिने स्वतःच गुरुजींना फोन केला. मी बेडरूममधून ऐकत होते. ती परवानगी मागत नव्हती. मी एकटी बसणार आहे, संकल्प कसा म्हणायचा तेवढं सांगा, असं ती म्हणाली. मग आईने कागद ओढून लिहायला सुरुवात केली. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली की साडी कोणती नेसायची ते ठरवावं लागेल, कारण आणलेल्या सगळ्या फिक्या आहेत. शेवटी वरच्या मजल्यावरच्या वहिनींची मोरपंखी पैठणी आली. कन्यादानाला बसायचं राहिलं याचं त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी मसालेभाताची जबाबदारी घेतली.

लग्नाच्या सकाळी हॉलची दोन्ही दारं आणि सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, हवा खेळती राहावी म्हणून. आत अठ्ठेचाळीस माणसं होती. बाकीचं गाव बाहेर गवतावर उभं होतं, कुणी कुत्रा घेऊन, कुणी सायकल धरून. कायद्याने त्यांना अडवता येत नव्हतं आणि अडवायची कुणाची इच्छाही नव्हती. अकरा वाजता नोंदणीच्या बाईंनी आमच्याकडून वचनं म्हणून घेतली आणि सह्या झाल्या. त्यांना पुढे मॅलोला दुसरं लग्न होतं, पण त्या थांबल्या आणि मागच्या खुर्चीवर बसून राहिल्या.

मग आम्हा दोघांना मुंडावळ्या बांधल्या आणि पाटांवर उभं केलं. अंतरपाट धरायला एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला विहीणबाई. उंचीतल्या फरकामुळे तो तिरका झाला आणि मला वरून त्याचं कपाळ दिसत राहिलं. गुरुजी स्टेजवरच्या लॅपटॉपमध्ये होते, बरोबर त्या आंब्यासारख्या नारळांखाली. मंगलाष्टकं आईने म्हटली. शाळेत प्रार्थना सांगणारा तिचा आवाज, मास्कमधूनही शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. चौथ्या कडव्यात त्या गावच्या नदीचं नाव आलं, तेव्हा बाहेरच्या गवतावर कुजबुज झाली. ‘सावधान’ला अक्षता टाकायच्या असं सगळ्यांना सांगितलं होतं. पहिल्या वेळी सचिवांनी हातातल्या सगळ्याच अक्षता एकदम टाकून दिल्या, मग त्यांना पुन्हा द्याव्या लागल्या.

कन्यादानाच्या वेळी आई पाटावर एकटी बसली. गुरुजींचा आवाज दोन-तीन सेकंद उशिरा येत होता, त्यामुळे ती प्रत्येक ओळीनंतर थांबायची. तिने माझा हात त्याच्या हातात दिला आणि वर पाण्याची धार धरली. लॅपटॉपमधल्या छोट्या चौकटीत ताई तोंडावर ओढणी धरून बसलेली दिसली.

होम हॉलमध्ये करता येत नव्हता. तो आम्ही विहीणबाईंच्या घरी, शेडसमोरच्या अंगणात केला, गाईंना चारा घालायच्या एका पत्र्याच्या टबात वाळू भरून. तूप गावच्या क्रीमरीतल्या, म्हणजे दूध डेअरीतल्या, लोण्याचं होतं. आईने आदल्या दिवशी ते कढवलं होतं. सप्तपदी झाली, मग शेडमध्ये जेवणं. मसालेभात, जिलेबी, भाजलेला मासा आणि चार प्रकारचे बटाटे. बँड नव्हता. त्याचा थोरला भाऊ ॲकॉर्डियन वाजवायला बसला, आणि आई पैठणी नेसून विहीणबाईंबरोबर रांगेत नाचली, पावलं मोजत, ओठ हलवत.

आई ऑक्टोबरात परत गेली. महिन्याभराने तिचा फोन आला की शेजारच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला तिला बोलावलंय, आणि तिने हो म्हटलंय. हॉलचा फोटो पाठव, असं तिचं म्हणणं होतं. पडद्यासकट, नारळाच्या झाडासकट, कारण तिथल्या बायकांचा विश्वास बसून नव्हता राहिला. मी चार फोटो पाठवले. तिने त्यातला एक निवडून मला परत पाठवला आणि खाली लिहिलं की यात विहीणबाईंचा फोटो छान आलाय, त्यांनाही पाठव.